कुर्लीच्या पाठीवर कोण बसलंय?

मालवणच्या बाजारात कुर्ल्या घेताना मी आधी पाठ बघते. कवचावर पांढरट, खडबडीत फोड दिसले की ती कुर्ली माझी. बाकीची गिऱ्हाइकं असली 'घाणेरडी' कुर्ली बाजूला सारतात, ते माझ्या पथ्यावरच पडतं.

हे फोड म्हणजे बार्नेकल. दिसायला शिंपल्यांच्या जातीतले, पण नातं कुर्ली-कोळंबीशी. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं यांच्यामागे घालवली. शेजारच्या घरी गेलेल्या त्याच्या मुलाने 'इथले बाबा बार्नेकलचं काम कुठे करतात?' असं विचारल्याचं सांगतात. सगळेच बाप हेच करत असणार, अशी त्या पोराची समजूत!

बार्नेकलची पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात. चिकटण्याआधीच्या अवस्थेत तर खाणंही बंद. काम एकच, जागा शोधायची. शिंगिकांनी चाचपत चालायचं, जागा पसंत पडली की डोकं टेकायचं आणि चिकट द्राव सोडून तिथेच बसायचं. मग भोवती चुन्याच्या पाट्यांचं घर उभं राहतं. ताजी, जिवंत कुर्ली समुद्राच्या पाण्यात सोडून थोडा वेळ हलू नका. फोडाच्या टोकाचं झाकण किलकिलं होतं, आतून केसाळ पायांचा झुबका बाहेर येतो, पाणी ओढतो आणि झटकन आत जातो. खाणं येतं ते असं पायांनी.

कुर्लीचं रक्तमांस हा प्राणी खात नाही. त्याला फक्त जागा हवी असते, तीही फिरती. ओझं होतं ते वेगळं. याचाच नातलग सॅक्युलिना मात्र कुर्लीच्या अंगात मुळं पसरतो आणि तिची वीणच बंद पाडतो.

कुर्लीवर घर करण्यात धोका एकच, पण मोठा. वाढताना कुर्ली कात टाकते आणि कवचाबरोबर भाडेकरूही जातात. म्हणजे पाठीवर मोठी बार्नेकलं असतील, तर तिने बऱ्याच दिवसांत कात टाकलेली नाही. नुकती कात टाकलेली कुर्ली पाणचट, पोकळ निघते. जुन्या कवचाची बहुधा भरलेली. कुर्ली कधी भरलेली मिळते याचा अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब ज्याने त्याने करावा, मी कवचावर भरवसा ठेवते.

कासवाची पाठ त्या मानाने खात्रीची, कारण ते अशी अख्खी कात टाकत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेसारख्या समुद्री कासवांवरही बार्नेकल सापडतात. कासवांवरची एक जात तर चिकटल्यावरही सरकते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पाय न वापरता, नवा द्राव थरांनी सोडत ती इंचाइंचाने पुढे जाते, तेही बहुतेकदा प्रवाहाच्या उलट दिशेने, बहुधा जिथे खाणं जास्त मिळेल तिकडे. जन्मभर एका जागी बसणारा प्राणी म्हणून मी वर्षानुवर्षं वर्गात जो शिकवला, तो हाच.