सळीला रबर आणि बटाट्याला मुका मार

बटाटा काढणीच्या यंत्राचा विषय निघाला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: जाळीच्या सळ्यांना रबर चढवा, मग बटाट्याला काही होत नाही. त्याला जोडून पुढचं वाक्यही ठरलेलं, की रबर जितकं जाड तितकं चांगलं. गुजरातचा बटाटा म्हणजे मुख्यतः बनासकांठा जिल्ह्यातला, डीसा परिसरातला. तो सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास करून सुरतेत येतो. उधना-लिंबायतच्या स्वयंपाकघरात चिरला आणि सालीखाली निळसर-काळा डाग दिसला, की घरचे शीतगृहाला दोष देतात, विकणारा यंत्राला देतो आणि यंत्रवाला सळीला. दोष सळीपाशी येऊन थांबला की तिला रबर चढवणं हा उपाय आपोआप सुचतो. तो अगदीच खोटा असता तर खोडून काढणं सोपं होतं. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच इतका टिकून आहे.

आधी तो डाग काय आहे ते पाहू. बटाट्याला दोन तऱ्हांची इजा होते. साल फाटते, काप जातो, तडा पडतो; ही इजा शेतातच दिसते. दुसरी म्हणजे मुका मार. वरून साल धड असते, पण आतल्या पेशी फुटलेल्या असतात. त्यांच्यातलं टायरोसिन विकराच्या संपर्कात येऊन हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळं पडतं. याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे शेतात पोतं भरताना माल देखणा दिसतो आणि डाग उमटतो तेव्हा तो ट्रकमध्ये किंवा आपल्या विळीवर असतो. इतका उशीर झाल्यावर मार नेमका कुठे बसला हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ते मोजावं लागतं. त्यासाठी आत संवेदक बसवलेले नकली बटाटे खऱ्या बटाट्यांबरोबर यंत्रातून सोडतात आणि प्रत्येक धक्का नोंदवतात. अशा मोजणीत मोठे धक्के एका जाळीवरून दुसरीवर पडताना, जाळीवरून खाली पडताना आणि हादरे देणाऱ्या रोलरपाशी दिसतात. नुसतं सळीवर बसून वर जाताना बटाट्याला फारसं काही होत नाही.

आपल्याकडच्या ट्रॅक्टरमागच्या साध्या डिगरला बहुधा एकच आखूड जाळी असते. फाळ माती आणि बटाटा एकत्र उचलतो, जाळी माती गाळते आणि बटाटा मागे जमिनीवर टाकते. या प्रवासात बटाट्याचं सर्वांत चांगलं संरक्षण करते ती मातीच. जाळीच्या दोन-तृतीयांश लांबीपर्यंत मातीचा थर टिकला तर बटाटा सळीला फारसा शिवतच नाही. थर टिकणं वेगावर अवलंबून असतं. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण ०.८ मीटरने चालत असेल, तर जाळीचा वेग त्याच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्त हवा. जाळी दुप्पट वेगाने पळवली की माती सुरुवातीलाच गळून जाते आणि बटाटे उघड्या सळ्यांवर नाचत वर जातात. मग दोन-तीन मिलिमीटर रबराने किती धक्का शोषावा? पडण्याची उंची ३० सेंटिमीटरवरून १५ वर आणली तर आदळण्याची ऊर्जा थेट निम्मी होते, आणि त्याला खर्च एका पान्याचा.

यावर लगेच विचारलं जातं, की रबराने फायदा थोडा होत असला तरी तोटा काय? होतो, आणि तो साध्या वजाबाकीत दिसतो. एका सळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ४० मिलिमीटर अंतर आहे आणि सळी ११ मिलिमीटर जाडीची आहे, तर मधली फट २९ मिलिमीटर. सळीभोवती ३ मिलिमीटर जाडीचं आवरण घातलं की सळी १७ ची होते आणि फट २३ ची. माती गाळायची वाट पाचव्या हिश्श्याने अरुंद झाली. माती गळेना म्हणून चालक हादरे वाढवतो, जाळी जोरात सोडतो, आणि रबराने जे वाचवलं ते व्याजासह परत जातं. दक्षिण गुजरात किंवा खानदेशच्या काळ्या जमिनीत तर ओल असेल तेव्हा चिखल आवरणाला धरून बसतो आणि वाळल्यावर ढेकळं बटाट्यांबरोबर वर चढतात. ढेकूळ बटाट्यावर आदळलं तर सळीवरचं रबर काय करणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युरोपातल्या मोठ्या यंत्रांच्या सळ्यांना आवरण असतंच ना? असतं. पण त्या यंत्रांत बटाटा एकामागून एक अनेक जाळ्यांवरून ट्रॉलीपर्यंत जातो. पहिल्या जाळीवर माती गळून गेली की पुढे उशी म्हणून काही उरत नाही, तिथे आवरण लागतंच. तोच नियम डीशाच्या रेताड गोराडू जमिनीलाही लागू पडतो. रेती फाळामागे लगेच गळते, बटाटा लवकर उघडा पडतो, आणि अशा जाळीच्या निदान मागच्या भागातल्या सळ्या झाकणं शहाणपणाचं आहे. म्हणून आवरण किती जाड घ्यावं याआधी माती कुठवर साथ देते ते पाहायला हवं. आवरण घालायचंच असेल तर सळ्यांमधलं अंतर त्या हिशेबाने वाढवलेली जाळी घ्यावी.

आता पदार्थ. सुरतेत नळी मिळायला तोटा नाही, त्यामुळे हाती लागेल ती सळीवर सरकवण्याचा मोह स्वाभाविक आहे. पाण्याची पीव्हीसी नळी उन्हात कालांतराने कडक होते, तडकते, आणि तडकलेल्या कडा सालीला बोचतात. नैसर्गिक रबर धक्का छान शोषतं, पण ग्रीस-तेलाने फुगतं. पॉलियुरेथेन रेतीच्या घर्षणाला सर्वांत चिवट, मात्र त्यातही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचं दमट उष्ण हवेत पाण्यामुळे हळूहळू विघटित होतं. पॉलिइथर जातीचं टिकतं. सुरतच्या प्रोसेस हाऊसमध्ये कॉस्टिक सोड्याने पॉलिएस्टर कापडाचं वजन घटवतात, तिथे जो एस्टर बंध तुटतो तोच इथे पावसाळाभर शेडमध्ये पडलेल्या यंत्रावर सावकाश तुटतो. जाडीपेक्षा मऊपणा आणि घट्ट बसणं महत्त्वाचं. सैल नळीत रेती शिरते आणि आतून तिला खाते. गुळगुळीत आवरणावर चढाला बटाटे मागे घरंगळतात आणि प्रत्येक घरंगळणं म्हणजे नवा धक्का.

इतकं करूनही बटाटा तयार नसेल तर सगळं वाया. काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाला कापायचा म्हणजे साल घट्ट होते, ही पद्धत शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या शिफारशींतही आहे. हिला कोणतंही रबर पर्याय नाही. पहाटेच्या गारठ्यात काढलेला माल ताजा राहतो, हाही असाच एक समज. ८-१० अंशांखालच्या थंड बटाट्याला मुका मार जास्त लागतो. डीशाच्या फेब्रुवारीत जमिनीला थोडं ऊन लागू देणं बरं. आणि आपलं यंत्र मारतंय की नाही हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. मशीनच्या मागून काही बटाटे उचलून सुमारे ३५ अंशांच्या दमट उबेत १२ तास ठेवावेत आणि सोलावेत. लपलेले डाग तोवर वर येतात.

उरलेले समज एकेका वाक्यात. कापलेले बटाटे सळीमुळे नव्हे, उथळ चाललेल्या फाळामुळे निघतात. बटाट्याच्या मध्यभागी काळं पडलं असेल तर तो मुका मार नाही, ऑक्सिजन कमी पडल्याचं लक्षण आहे. तिथे मात्र साठवणुकीला खुशाल बोल लावावा. हिरवेपणा उजेडाने येतो, रबराच्या रंगाने नाही. आणि हीच जाळी सुरणाला किंवा रतालूला चालेल का, असं सुरतेत कुणी विचारलं तर आधी रतालू म्हणजे काय ते विचारून घ्यावं. गुजरातीतलं ते जांभळं रतालू म्हणजे उंधियूतलं आपलं कोनफळ, मराठी रताळं नव्हे. कोनफळ खोल जातं, सुरणाचा गड्डा काही किलोंचा होतो. दोन्हींसाठी कुदळ लागते. तिच्या दांड्याला रबर लावलं तर फायदा हाताला.