पहाऱ्याचा खर्च

बोदवड तालुक्यात कपाशीची वेचणी उरकत आली की गावांची झोप उडते. भाव वाढेल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. ओसरी भरते, माडी भरते, मग पत्र्याचं शेड. तिकडे हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला विहिरींवर मोटारी चालू असतात. त्यांच्या केबलीत तांबं असतं. चोर ती कापून नाल्यात नेतो, वरचं प्लास्टिक जाळतो आणि तांबं भंगारात विकतो. शेतकऱ्याला ऐन हंगामात नवी केबल घ्यावी लागते आणि तोवर पिकाचं पाणी चुकतं ते वेगळंच.

अशाच एका गावात ग्रामसुरक्षा दलाबरोबर गस्तीला गेलो. जेवणं आटोपून पोरं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमली. वहीत नाव, वेळ, सही झाली. मोटारसायकल कुणी काढली नाही. गाडीचा आवाज चोराला आधी ऐकू जातो. दोन टोळ्या दोन दिशांना गेल्या. मारुतीच्या पाराशी पोचल्यावर एकानं शिट्टी मारली आणि कान देऊन उभा राहिला. पलीकडून शिट्टी आली तेव्हाच पुढे निघाला. उत्तर आलं नाही तर सगळे तिकडे धावतात.

फाट्यावर एक मोटारसायकल थांबवली. "कोन व्हय रे? कुठी चालला भाऊ?" उजेड त्याच्या तोंडावर नाही, नंबर प्लेटवर. नाव, गाव, गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि त्याला जाऊ दिलं. कुणी अंगाला हात लावला नाही.

मला त्या रात्री सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. 1 जुलै 2018 रोजी आपल्याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागायला आलेले होते. थांबवायचं कसं, विचारायचं काय आणि पोलिसांना कळवायचं केव्हा, हे गस्तीवाल्याला शिकवावंच लागतं. शिकवायला पैसा लागतो.

सरकार सुरक्षेवर खर्च करत नाही असं नाही. जिल्हा नियोजनातून सीसीटीव्हीला निधी मिळतो. पोलीस पाटलांचं मानधन 2024 मध्ये साडेसहा हजारांवरून 15 हजार झालं, त्याच वर्षी होमगार्डचा दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 रुपये करण्याचा निर्णय झाला. दोन्ही योग्यच. पण या गावात रात्रभर फिरणाऱ्या पोरांच्या वाट्याला काही नाही. बॅटरी ज्याची त्याची, चहा वर्गणीतून. कॅमेरा चोरीनंतर उपयोगी पडतो, शिट्टी चोरीच्या आधी. म्हणून निधीचा पहिला वाटा माणसांना मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहाऱ्याला मोल द्यायची रीत खानदेशाला नवी नाही. इथल्या कित्येक गावांत भिल्ल जागले राखण करत आणि त्याबद्दल गावाकडून त्यांना हक्क मिळे. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत ते हक्क बुडाले आणि राखणदारांचेच हल्ले सुरू झाले. इंग्रजांनाही नुसत्या फौजेवर भागलं नाही. हक्क पुन्हा सुरू करावे लागले, 1825 मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. जातीला जुंपलेली ती जुनी व्यवस्था परत यावी असं कुणी म्हणणार नाही. पण जागणाऱ्याचं पोट गावानं पाहायचं असतं, एवढं तेव्हाही कळत होतं.

पहाटे वही बंद करताना पोरांनी येत्या ग्रामसभेच्या मागण्या ठरवल्या: चार्जिंगच्या बॅटऱ्या, ठाण्याकडून दर वर्षी प्रशिक्षण आणि अपघात विमा. विम्याचा विषय आधी घ्या, असं एकानं बजावलं. गेल्या पावसाळ्यात गस्तीवर त्याला साप चावला होता. दवाखान्याचं बिल त्याच्या वडिलांनी कापूस विकून भरलं.