मेंदूच्या चित्रातला लाल ठिपका खरा कधी मानायचा? कीथ वर्स्ली यांची गोष्ट

"सर, मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करतेय. ब्रेन इमेजिंगमध्ये पीएच.डी. करायची खूप इच्छा आहे, पण बायोलॉजी दहावीनंतर सोडलं. मला कोण घेणार?" असा एक मेल मागच्या महिन्यात आला. (पहिली गोष्ट, मी अजून सर नाही. थिसिस व्हायचाय.) तिला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की याचं उत्तर म्हणजे एका माणसाचं अख्खं करिअर आहे. तेच आज सांगतो.

कीथ वर्स्ली. जन्म 1951, न्यूझीलंड. 1978 मध्ये ऑकलंड विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. केली आणि मग कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गणित विभागात शिकवायला लागले. सुरुवातीच्या कामात मेंदूचा म कुठे नाही. प्रश्न असा असायचा: समजा, एखाद्या नदीच्या वार्षिक प्रवाहाचे शंभर वर्षांचे आकडे आहेत. मधेच कुठेतरी सरासरी बदलली का? आपण प्रत्येक वर्षाशी थांबून आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघणार आणि सगळ्यात मोठा फरक जिथे दिसेल तिथे बोट ठेवणार. पण इतक्या ठिकाणी शोधलं की कुठेतरी मोठा फरक नुसत्या योगायोगानेही सापडणारच. किती मोठा सापडला तर विश्वास ठेवायचा? यावर त्यांचे 1979 आणि 1982 चे पेपर आहेत.

आता मॉन्ट्रियलमध्येच, मॅकगिलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये, काय चाललं होतं ते बघा. तेव्हा पेट स्कॅनचे दिवस होते. माणसाच्या शिरेतून ऑक्सिजन-15 असलेलं पाणी द्यायचं. हा ऑक्सिजन दोनेक मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे सगळी घाईच. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त जातं, तिथे सिग्नल वाढतो. एक स्कॅन काम करताना, एक स्वस्थ पडून, दोन्हींची वजाबाकी. या वजाबाकीच्या चित्रात मेंदूचे लहान लहान ठोकळे असतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. सोयीसाठी एक लाख धरू.

प्रत्येक व्हॉक्सेलवर आपण एक टेस्ट करतो. 0.05 ची पी-व्हॅल्यू कॉलेजात शिकलोय, तीच लावली तर? मेंदूत काहीही घडलेलं नसताना साधारण 5,000 व्हॉक्सेल लाल होतील. आणि स्कॅन स्मूद केलेला असल्यामुळे ते विखुरलेले दिसत नाहीत, छान गोळे होऊन बसतात. मेंदूत प्रत्येक जागेचं काही ना काही काम कुणीतरी लिहून ठेवलेलंच आहे, त्यामुळे कुठल्याही गोळ्याला गोष्ट जोडता येते. धोका आहे तो इथे.

सोपा उपाय बॉनफेरोनीचा: 0.05 ला एक लाखाने भागा. मग झेडचा आकडा 4.89 च्या वर गेला तरच लाल. पण हे फार कडक होतं, कारण शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाच चाळीतल्या शंभर जणांना "काल पाऊस पडला का?" विचारलं तर त्या शंभर साक्षी होत नाहीत, जेमतेम एक होते. तेव्हाचे पेट स्कॅन 20 मिलिमीटरपर्यंत स्मूद केलेले असत. मेंदू सुमारे 1,200 घन सेंटिमीटर धरा आणि 20 मिलिमीटर बाजूचे ठोकळे पाडा, तर जेमतेम 150 पडतात. यांना रेसेल म्हणतात. म्हणजे टेस्ट एक लाख, पण साक्षीदार दीडशेच्या आसपास.

लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये द्विमितीय चित्रापुरतं याचं उत्तर मांडलं होतं. मेंदू त्रिमितीय. वर्स्लींच्या लक्षात आलं की हा त्यांचाच जुना नदीचा प्रश्न आहे, फक्त एका रेषेऐवजी तीन मितींत. रॉबर्ट ॲडलर यांचं 1981 चं रँडम फील्डच्या भूमितीवरचं पुस्तक होतंच. त्यातून त्यांनी एक जुनी गोष्ट उचलली: ऑयलर कॅरॅक्टरिस्टिक.

नावाला घाबरू नका. डोंगराळ मुलूख आहे आणि धरणाचं पाणी चढतंय असं समजा. आधी जमीन सलग असते, मधे मधे तळी. पाणी चढत गेलं की टेकड्यांची बेटं होतात. बेटं मोजा, त्यातून बेटांच्या आत अडकलेली तळी वजा करा. हा झाला द्विमितीतला आकडा. तीन मितींत आकार जरा वेगळे: साधा गोळा म्हणजे 1. मेदूवडा म्हणजे 0, कारण आरपार भोकाचा एक वजा होतो. फुगलेली पुरी म्हणजे 2, कारण आतल्या बंद पोकळीचा एक मिळवायचा. आता पाणी खूप चढलं की भोकं नाहीत, पोकळ्या नाहीत. उरलं तर एखादं शिखर, नाहीतर तेही नाही. म्हणजे आकडा 1 किंवा 0. मग या आकड्याची सरासरी म्हणजेच "योगायोगाने निदान एक तरी शिखर वर राहण्याची शक्यता", अगदी जवळपास. आणि गंमत म्हणजे ही सरासरी काढायचं सूत्र तयार होतं! त्यात रेसेलची संख्या घातली की थ्रेशोल्ड मिळतो. वरच्या 150 रेसेलसाठी मी कडांचा हिशोब सोडून काढून बघितला, 4.16 आला. 4.89 नाही, 4.16. या फरकात कितीतरी खरे सिग्नल वाचतात. उलट स्मूदिंग 8 मिलिमीटरच ठेवलं तर तोच आकडा 4.84 वर जातो, म्हणजे बॉनफेरोनीपेक्षा फारसा फायदा नाही. हेही सांगायला हवं, कारण पुष्कळ जण सूत्र वापरतात आणि स्मूदिंगकडे बघत नाहीत.

हा पेपर 1992 चा. वर्स्लींसोबत ॲलन इव्हान्स, शॉन मॅरेट आणि पीटर नीलिन. पुढे लंडनच्या गटाच्या एसपीएम या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत गेली आणि जगभरच्या लॅबमध्ये पोचली. त्यांचा मला सगळ्यात आवडणारा किस्सा 1995 चा आहे. फ्रिस्टन यांच्या गटाने एफएमआरआयच्या डेटावर एक पेपर लिहिला, नावात "पुन्हा भेट" असा अर्थ. त्यात एकामागोमाग येणाऱ्या स्कॅनमधल्या परस्परसंबंधाचा हिशोब वर्स्लींना पटला नाही. मग फ्रिस्टन यांनाच बरोबर घेऊन त्याच वर्षी दुरुस्तीचा पेपर आला आणि त्याचं नाव "पुन्हा भेट, पुन्हा एकदा". चूक दाखवली, ती ज्याची त्याच्यासोबत बसून. आपल्याकडच्या जर्नल क्लबात हे घडताना मी फार कमी पाहिलंय.

वर्स्ली 2009 च्या फेब्रुवारीत गेले, साठीच्याही आत. त्याच वर्षी क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅल्मन मासा एमआरआयमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो "दाखवले". दुरुस्ती न करता बघितलं तर माशाच्या मेंदूत लाल ठिपके! दुरुस्ती केली की सगळे गायब. या कामाला 2012 चं इग नोबेल मिळालं.

पण वर्स्लींची पद्धतही निर्दोष नव्हती. 2016 मध्ये आंडर्स एकलुंड, टॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी स्वस्थ पडलेल्या 499 माणसांचे स्कॅन घेऊन लाखो खोटी विश्लेषणं चालवली. एकेका व्हॉक्सेलची टेस्ट सुरक्षित निघाली. पण गोळ्याच्या आकारावरून निर्णय घ्यायच्या पद्धतीत, सैल सेटिंग ठेवलं तर, 5 टक्क्यांऐवजी 70 टक्क्यांपर्यंत चुकीचे निकाल आले. मुख्य कारण: शेजारपणाचा प्रभाव अंतराबरोबर जसा ओसरतो असं सूत्रात गृहीत धरलं होतं, तसा खऱ्या मेंदूच्या डेटात ओसरत नाही.

माझं सांगतो. पहिल्या वर्षी माझ्या डेटात एक देखणा गोळा आला होता, अगदी हवा तिथे. प्रेझेंटेशनला नऊ दिवस. दुरुस्ती लावली, गोळा गेला. एका सीनियरने सुचवलं, "थ्रेशोल्ड 0.01 कर, क्लस्टरने वाचेल." केलं. खरंच वाचला. दोन दिवस तीच स्लाइड घेऊन फिरलो. मग 2016 चा पेपर पुन्हा उघडला, माझं सेटिंग बरोबर त्या वाईट रकान्यातलं होतं. स्लाइड काढली. गाइड बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मग आता आपल्याकडे काय आहे?" काहीच नव्हतं. ते प्रेझेंटेशन सहा मिनिटांत संपलं.

तर त्या मेलवालीला: बायोलॉजी लॅबमध्ये शिकता येईल. तोवर एक करून बघ, पायथॉन किंवा आर काहीही चालेल. 100 बाय 100 नुसता नॉइज तयार कर, स्मूद कर, 1.64 च्या वरचं सगळं लाल कर. स्मूद केल्यावर आकडे स्टँडर्ड डेव्हिएशनने पुन्हा भागून घ्यायला विसरू नकोस. मी विसरलो होतो, एकही ठिपका आला नाही आणि अख्खी दुपार कोड तपासत बसलो. मग थ्रेशोल्ड हळूहळू वर ने, प्रत्येक पायरीला बेटं आणि तळी मोज, आणि किती आली ते मला कळव.