डेन्मार्कच्या खुर्चीतला साग

नांदेड जिल्ह्यात हदगावपासून किनवट-माहूरपर्यंत पैनगंगेच्या आसपासच्या रानांत साग नैसर्गिकरीत्या वाढतो आणि येथील जुन्या घरांच्या चौकटी, तुळया व पलंग यांतून त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु जेथे हे झाड रुजतच नाही, त्या डेन्मार्कमधील सुतारांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आग्नेय आशियातून आलेल्या सागातून ज्या खुर्च्या घडवल्या, त्यांनी या लाकडाचे अगदी वेगळे सामर्थ्य उघड केले.

सागाच्या गाभ्यात, म्हणजे खोडाच्या आतील पक्क्या भागात, नैसर्गिक तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि हवेतील ओलाव्याने ते फारसे फुगत वा आकसत नसल्याने त्याचे बारीक, वळणदार भागही आपला आकार टिकवून राहतात. मात्र त्यात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याने रंध्याची धार लवकर बोथट होते.

डॅनिश फर्निचरच्या या परंपरेचा पाया घालणारे कोरे क्लिंट १९२४ पासून कोपनहेगनच्या शाही कला अकादमीत फर्निचरची रचना शिकवत असत आणि जुन्या, वापराने पारखलेल्या वस्तूंची मोजमापे घेऊन त्यांतून नवे घडवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची १९३३ ची ‘सफारी’ खुर्ची भारतातील ब्रिटिश लष्कराच्या रुरकी खुर्चीवरून, म्हणजे सुटे भाग करून छावणीबरोबर नेता येणाऱ्या खुर्चीवरून, बेतलेली आहे. आधुनिक डॅनिश रचनेच्या मुळाशी भारतातील एक साधी लष्करी वस्तू असावी, ही विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे.

या परंपरेचा कळस हान्स वेग्नर यांच्या १९४९ च्या ‘गोल खुर्ची’त दिसतो. तिचे हात आणि पाठ मिळून एकच सलग कमान होते, पण लाकडाच्या रेषा सरळ धावत असल्याने एवढे वळण एका तुकड्यातून कोरले तर ते मोडण्याचा धोका असतो. म्हणून कमान अनेक तुकडे जोडून करावी लागते. आरंभी वेग्नर यांनी पाठीवर वेत गुंडाळून हे सांधे झाकले, परंतु पुढे त्यांनी लगतच्या तुकड्यांना दातेरी खाचा पाडून ते एकमेकांत घट्ट बसवले आणि तो नागमोडी सांधा उघडाच ठेवला. झाकण्याची गोष्ट हीच शोभा ठरली, आणि या खुर्चीचे खरे मोठेपण येथेच आहे. १९६० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादविवादात ती वापरली गेल्याने तिला जगभर प्रसिद्धी मिळाली.

याच परंपरेतील दुसरे रचनाकार फिन यूल यांनी बैठक आणि पाठ लाकडी सांगाड्यापासून किंचित अलग, जणू अधांतरी ठेवून सागाला शिल्पासारखी वळणे दिली. वेग्नर यांच्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध खुर्चीची बैठक तर सुमारे १२० मीटर पिळलेल्या कागदी दोराने हाताने विणली जाते. कागदासारख्या स्वस्त वस्तूलाही सागाइतकाच मान देणाऱ्या या कारागिरांच्या दृष्टीने साहित्याची श्रेष्ठता त्याच्या किमतीत नव्हती, तर त्याच्या स्वभावाला साजेसे काम त्याच्याकडून करून घेण्यात होती.