सेल्फ का अडला?

घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली? आपल्या जुन्या कोड्यात तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: न फिरविल्यामुळे! वाड्यामागच्या छपरात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मालट्रकच्या सेल्फलाही हे उत्तर पुष्कळदा लागू पडते. मालक हौसेने नवी बॅटरी आणतो, सेल्फ मारतो, पण ट्रक हूं की चूं करीत नाही. मग ‘स्टार्टर गेला’ असा निकाल लागतो आणि अस्सल जुने यंत्र भंगाराची वाट धरते. हा निकाल बहुधा घाईचा असतो.

1947 नंतरच्या शेव्हरोले ट्रकचेच उदाहरण घ्या. जनरल मोटर्सचा मुंबईच्या शिवडीतील जुळणीचा कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत चालला; तेव्हा हे नाव आपल्या जुन्या घरांना परके नाही. या ट्रकची बॅटरी सहा व्होल्टांची. बारा व्होल्ट आले ते 1955 च्या नव्या मालिकेपासून. व्होल्ट निम्मे म्हटल्यावर तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट लागतो. म्हणूनच आजच्या मोटारीची बारीक केबल येथे चालत नाही. शून्य किंवा एक नंबरची जाड केबलच हवी.

तपासणीस हत्यारही लागत नाही. पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे तसेच झगझगीत राहिले, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. दोष स्विचात किंवा केबलीत. दिवे एकदम विझले, तर बॅटरीचे टोक सैल किंवा गंजलेले. दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली, नाहीतर स्टार्टर अथवा इंजिन जाम. भरलेली बॅटरी 6.3 व्होल्टांच्या आसपास दाखविते.

सर्वांत फसवी जागा अर्थची. 2023 च्या जानेवारीत बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला, तेव्हा रंगरोगणाची चमक साऱ्यांनीच वाखाणली. पण हाच नवा रंग विजेची वाट अडवितो! अर्थची केबल जेथे बसते तेथला रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडे करावे. इंजिन रबरावर टेकलेले असते. म्हणून इंजिन ते सांगाडा हा पट्टाही तपासावा. शेव्हरोलेचे ऋण टोक सांगाड्याला जाते, तर त्या काळच्या फोर्ड व डॉजचे धन टोक. बॅटरी जोडताना हे विसरू नये.

या ट्रकांत सेल्फ पायाने दाबावयाचा. पायदळ दाबले की आधी स्टार्टरचे दातेरी चक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरते आणि मग स्विच दाबला जातो. सांधे झिजले तर स्विच पुरता दबत नाही. तो दोष स्टार्टरचा नव्हे. सांध्याचा स्क्रू जुळवून घेतला की काम भागते.

एवढे करूनही यश आले नाही, तर गियर न्यूट्रल करून, इग्निशन बंद ठेवून हँडलने इंजिन फिरवून पाहावे. अंगठा मात्र इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटले तर मनगट मोडते. इंजिन मोकळे फिरले, तरच स्टार्टर उतरवून मिस्त्रीकडून त्याचे कार्बन ब्रश पाहून घ्यावेत.

आणि ट्रक चालू झाल्यावर? त्याला अधूनमधून फिरवीत जावे!