विद्युत् चलित चाकांची खुर्ची

विद्युत् चलित चाकांची खुर्ची : चालण्याची शक्ती नसलेल्या वा गमावलेल्या व्यक्तीस दुसऱ्याच्या मदतीवाचून हिंडता-फिरता यावे, यासाठी विद्युत् घटमालेवर (बॅटरीवर) चालणारी खुर्ची. हँडल असलेली तीन वा चार चाकांची स्कूटर हा तिचाच जवळचा प्रकार होय. मेरुरज्जूची इजा, पोलिओ, स्नायूंचा ऱ्हास, मेंदूचा पक्षाघात, अर्धांगवायू इ. कारणांनी अपंगत्व आलेल्यांना या साधनांचा उपयोग होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सु. ५४ लाख व्यक्तींचे अपंगत्व हालचालीसंबंधीचे होते.

हाताने चालवावयाच्या खुर्चीस दोन्ही हातांत पुरेसे बळ लागते. ती वर्षानुवर्षे वापरल्याने खांद्यांचे सांधे झिजतात व दुखू लागतात. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि लहानपणी या रोगाने पाय गमावलेली पिढी आता प्रौढ वा वृद्ध झाली असून तिच्या हातांचे बळही कमी होत आहे. अशा व्यक्तीस मोटारीची खुर्ची ही चैन नसून तिचा व्यवसाय व समाजातील वावर टिकविण्याचे साधन ठरते.

इतिहास : घडीची चाकांची खुर्ची हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या अमेरिकन अभियंत्यांनी १९३० नंतरच्या काळात तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हातापायांची शक्ती गेलेल्या सैनिकांसाठी कॅनडातील संशोधक जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची सिद्ध केली. १९५६ पासून अशा खुर्च्यांचे कारखान्यातील उत्पादन सुरू झाले. अमेरिकेत ॲलन थीम यांनी १९६८ मध्ये दिव्यांगांसाठी विद्युत् स्कूटर बनविली. भारतात मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधनातून ‘नियोबोल्ट’ हे साधन निघाले. हाताने चालविण्याच्या खुर्चीस ते पुढून जोडले की तिची रस्त्यावर चालणारी गाडी होते. घरात शिरताना ते सोडवून ठेवता येते.

रचना व कार्य : खुर्चीच्या बैठकीखाली बहुधा २४ व्होल्टची घटमाला असते. मागच्या दोन चाकांना प्रत्येकी एक स्वतंत्र विद्युत् चलित्र (मोटार) जोडलेले असते. हाताशी असलेला लहान दांडा ज्या दिशेला कलवावा, त्या दिशेला खुर्ची जाते. दांड्याचा कल किती आहे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ओळखतो व त्या प्रमाणात प्रत्येक चलित्रास विद्युत् प्रवाह पुरवितो. दोन्ही चाके सारख्या गतीने फिरली तर खुर्ची सरळ जाते. एक हळू व दुसरे जलद फिरले तर ती वळते. दांडा सोडताच खुर्ची थांबते व विद्युत् चुंबकीय रोधक (ब्रेक) चाके जखडून धरतात. त्यामुळे चढावर खुर्ची मागे घसरत नाही. हात मुळीच हालत नसल्यास हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने वा नळीतून फुंकर घालून व हवा ओढून नियंत्रण करता येते.

स्कूटरचे हँडल दोन्ही हातांनी धरावे लागते. म्हणून ज्यांचे हात व धड मजबूत आहेत, पण ज्यांना लांब चालवत नाही, त्यांना ती सोयीची पडते. धड सावरता येत नसल्यास खुर्चीच योग्य होय. त्वचेची संवेदना गेली असेल, तर एका जागी बसून राहिल्याने दाबाच्या जखमा होतात व त्या जिवावरही बेतू शकतात. यासाठी योग्य गादी, शरीराच्या मापाची बैठक आणि ठराविक वेळाने अंगाचा भार हलविणे या गोष्टी आवश्यक आहेत.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावती व अकोला जिल्ह्यांचा मोठा भाग काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात या मातीचा चिकट चिखल होतो व खुर्चीची पुढची लहान चाके त्यात रुततात. म्हणून खेड्यात मोठ्या व रुंद चाकांची गाडी उपयोगी पडते. मेळघाटातील चढउतारांवर शक्तिमान चलित्र व खात्रीचे रोधक लागतात. अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. अतिउष्णतेने घटमालेचे आयुष्य घटते. म्हणून ती सावलीत ठेवणे व विद्युत् भारित करण्यापूर्वी थंड होऊ देणे हिताचे असते. वीजपुरवठा खंडित होत असल्यास लांबच्या प्रवासाआधी घटमाला पूर्ण भारित असल्याची खात्री करून घ्यावी लागते.

अपंगांना केवळ अन्न-वस्त्र देऊन भागत नाही, हा विचार या प्रदेशाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी अंध-अपंगांची सेवा हा आपल्या शिकवणुकीचा भाग मानला. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ स्थापिलेल्या तपोवनात कुष्ठरुग्णांना उपचाराबरोबरच काम व स्वाभिमान मिळवून दिला. मोटारीची खुर्ची याच विचाराला यंत्राची जोड देते.

शासकीय साहाय्य : दिव्यांगांना साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्याखाली द्यावयाच्या साधनांचे उत्पादन कानपूर येथील सार्वजनिक क्षेत्रातील निगम करतो. त्यात मोटारीच्या तीनचाकीचाही समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला बहुतेक लाभांसाठी लागतो. महाराष्ट्रात दिव्यांगांना विजेवर चालणाऱ्या वाहनावरील फिरते दुकान देण्याची योजना २०१९ मध्ये आखण्यात आली. यात वाहन हेच उपजीविकेचे साधन होते. राज्यात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. या मागणीत अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांचा पुढाकार होता. ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो.

मर्यादा : खुर्ची मिळाली म्हणजे हिंडणे-फिरणे साधले असे होत नाही. उंबरठा, अरुंद दार, पायऱ्या व उघडी गटारे यांपैकी एकानेही तिची वाट अडते. उताराची फळी बांधताना एक मी. उंचीस निदान बारा मी. लांबी लागते व दार सु. ९० सेंमी. रुंद असावे लागते. मोडलेला नियंत्रक दुरुस्त करणारा कारागीर वा नवी घटमाला तालुक्याच्या ठिकाणी मिळाली नाही, तर महागडी खुर्ची ओसरीवर धूळ खात पडते व तिचा मालक पुन्हा खाटेवर येतो. म्हणून अशा साहाय्याचे मोजमाप किती खुर्च्या वाटल्या यावर न करता, त्या घेणारी किती माणसे स्वतःच्या मर्जीने शाळेत, बाजारात, कामावर व मतदान केंद्रावर जाऊ लागली यावर करणे योग्य ठरते.