एवढे पैसे कशाला?

दोह्यात आपल्यापैकी कोणी ‘बिझनेस क्लासने गेलो’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कंपनीने दिलं का?’ नाही हो, स्वतःच्या खिशातून! मुंबईला मात्र मी आजही इकॉनॉमीनेच जातो. चार तासांचा प्रवास. एक जेवण, एक डुलकी, की उतरलोच.

पण लेक ह्यूस्टनला गेली आणि हिशेब बदलला. इथून थेट विमान असलं तरी सोळा तासांच्या आसपास बसणं आलं. गेल्या वर्षी तिला बाळ झालं. पणतीला बघायची आईची फार इच्छा, पण वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे, फार वेळ बसलं की पाय सुजतात. ‘फोनवर बघेन रे,’ म्हणाली. तेव्हा मी कतार एअरवेजचं ‘क्यूस्वीट’ काढलं. ‘एवढे पैसे कशाला?’ हे ओघाने आलंच.

२०१७ साली आलेल्या या व्यवस्थेत एका रांगेत चारच आसनं असतात. रात्री उठताना कोणाला ओलांडावं लागत नाही. आसनाचा सपाट पलंग होतो. जेवण हवं तेव्हा मागवता येतं. आईने भलत्याच वेळी मागवलं आणि पिशवीतून लसणाची चटणी काढली! शिवाय प्रत्येकाला सरकतं दार. ‘कोंडून काय घ्यायचं?’ म्हणून आधी तिने ते लावू दिलं नाही. दिवे मंदावल्यावर मात्र स्वतःच लावलं आणि पाय पसरून सहा तास झोपली. चारचौघांत आडवं व्हायला संकोचणाऱ्या बाईला त्या दाराचं मोल मला तेव्हा कळलं.

तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. क्यूस्वीट प्रत्येक विमानात नसतं. पैसे भरण्याआधी आसनांचा नकाशा पाहा. शाकाहारी जेवण आधीच नोंदवा. आणि तरुण मंडळींनो, मुंबईच्या फेऱ्यांचे ‘एव्हिऑस’ गुण वाया घालवू नका. माझं अर्ध्याहून अधिक काम त्यांनीच केलं. कर तेवढे रोख भरावे लागले.

ह्यूस्टनला आई स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. पणतीला मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि हळूच मला विचारलं, ‘अरे, परत जातानाही दार असेल ना?’